छप्पर नसलेलं चर्च

सौदीतल्या हाइलच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ म्हणून रुजू झाले, तेव्हा ऑपरेशन थिएटरात ज्या सर्जनबरोबर माझी ड्युटी लागली ती लात्व्हियाची होती. लात्व्हिया नकाशात नेमका कुठे आहे हे मला ठाऊक नव्हतं, आणि ते मी तिला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ती हात धूत होती. म्हणाली, "माझ्या आईच्या लहानपणी तो नकाशात होता. माझ्या लहानपणी नव्हता. आता परत आहे. तुमच्याकडचा नकाशा कुठल्या सालचा, त्यावर अवलंबून आहे."

पन्नाशी ओलांडलेली, उंच, खांद्यात जराशी वाकलेली बाई. स्त्रीरोगतज्ज्ञ. लग्न कधीच मोडलेलं, मूलबाळ नाही. माझा नवरा रियाधला, अल सुलैच्या गोदामांमध्ये, एका कोल्ड स्टोरेज कंपनीत मॅनेजर. आम्हा दोघांना एकाच शहरात नोकरी मिळाली नाही. महिन्यातून एकदा-दोनदा तो ट्रेनने इकडे यायचा किंवा मी तिकडे जायचे. उरलेले शुक्रवार हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये काढायचे. हाइलचा शुक्रवार फार लांब असतो. सकाळी रस्ते ओस, दुपारच्या नमाजानंतर थोडी हालचाल, मग पुन्हा शांतता. मी कपडे धुवायचे, भात लावायचे, सोलापूरला भावाला फोन करायचे आणि आपण इथे कशासाठी आलो याचा विचार करत झोपून राहायचे.

अशाच एका शुक्रवारी तिने दार वाजवलं. इथल्या बायकांची पायघोळ काळी अबाया घातलेली, डोक्यावर कापडी टोपी, हातात जीपची किल्ली.

"पडकी गावं बघायला येणार का?"

"पडक्या गावात काय असतं?"

"काही नसतं," ती म्हणाली. "म्हणून तर जायचं."

हाइलच्या आसपास मातीची जुनी गावं बरीच आहेत. सरकारने सिमेंटची घरं दिली, लोक उठून तिकडे गेले आणि मागे भिंती राहिल्या. अजाच्या लाल डोंगरांच्या पायथ्याशी एक गाव आहे. त्याची मशीद, विहीर, धान्याची कोठारं सगळं अजून ओळखू येतं, पण एकाही घरावर धड छप्पर नाही. काही ठिकाणी निळी पाटी आणि तारेचं कुंपण असतं. पहारेकरी असला तर तो लांबूनच हात हलवून "ममनू, दोक्तोरा, ममनू" म्हणायचा. आत जायला मनाई. नसला, तर ती अबाया आवळून तारेखालून सरपटत आत शिरायची. मी मागे.

प्रत्येक ठिकाणी ती एकच करायची. आधी वर बघायची. छपराच्या लाकडांचं काय झालंय ते पाहायची. मग भिंतीला तळहात लावून थोडा वेळ उभी राहायची. फोटो काढायची नाही.

"छप्पर गेलं की भिंतीचे दिवस भरले," ती म्हणायची. "दगडाची असो नाही तर मातीची. पाणी वरूनच येतं."

"तुला हे कुणी शिकवलं?"

"भावाने."

मग परतीच्या रस्त्यावर, गव्हाच्या गोल गोल शेतांच्या कडेने जीप जात असताना, तिने मला भावाबद्दल सांगितलं. तिच्याहून थोडा मोठा. वडील लवकर गेले. आई दुधाच्या डेअरीत कामाला. ही दोघं पोरं सुट्टीत सायकली काढायची आणि जिल्ह्यातला प्रत्येक पडका किल्ला, प्रत्येक मोडकं चर्च पालथं घालायची. तिच्या देशात असे किल्ले गावोगाव आहेत. जर्मन सरदारांनी शेतातले गोटे आणि लाल विटा रचून बांधलेले, मग कधी रशियनांनी, कधी स्वीडिशांनी उडवलेले. कुठे एखादी उंच भिंत आणि त्यात खिडक्यांची भोकं, एवढंच उरलेलं. चर्चची गोष्ट अलीकडची. दुसऱ्या महायुद्धात तोफांनी छपरं नेली, आणि नंतरच्या सोव्हिएत राजवटीत ज्यांच्यावर छप्पर शिल्लक होतं तिथे खताची पोती ठेवली. त्यांच्या गावच्या चर्चमध्ये वेदीच्या जागी बर्चची झाडं उगवली होती. ती आणि भाऊ त्या झाडांमध्ये बसून भाकरी खायचे.

"भीती नाही वाटायची?"

"मला वाटायची. त्याला नाही. त्याने मोठेपणी तेच काम धरलं. गावातले चार-पाच लोक जमवून दर उन्हाळ्यात झुडपं तोडायची, भिंतीवरची झाडं मुळासकट काढायची. शाळेत सुतारकाम शिकवायचा आणि बाकी सगळा वेळ त्या दगडांत."

थंडीत एकदा आम्ही एका मातीच्या घरात उभ्या होतो. आतल्या खोलीच्या भिंतीला गिलावा शाबूत होता आणि त्यात कुणाच्या तरी बोटांचे ठसे होते. ओल्या मातीवरून हात फिरवताना उमटलेले, रुंद बोटांचे. मला एकदम रडू फुटलं. मलाच कळेना कशाने. ती उंबऱ्यावर जाऊन बसली आणि बाजूला जागा केली.

मी तिला वडिलांचं सांगितलं. ते साथीच्या काळात गेले, विमानं बंद असताना. मी तेव्हा खमीस मुशैतला एका खासगी हॉस्पिटलात होते आणि दिवसभर अनोळखी माणसांच्या श्वासनलिकेत नळ्या घालत होते. वडील सोलापूरच्या दवाखान्यात होते. त्यांना नळी कुणी घातली, मला माहीत नाही. महापालिकेच्या माणसांनी परस्पर नेलं. भावाला लांब उभं केलं होतं. नंतर कधीतरी त्याच्या हाती अस्थींचं मडकं दिलं गेलं, ते त्याने भीमेत सोडलं. मी गेले तोवर घरात फक्त भिंतीवरचा फोटो होता, आणि तोही भावाने घाईत केलेला, ओळखपत्रावरून मोठा केलेला.

"म्हणजे जायला जागा नाही," ती म्हणाली.

"आमच्यात नसतेच तशी जागा."

"ते माहीत आहे. पण तुला हवी होती."

बाहेर वारा सुटला होता आणि वाळू उंबऱ्यापर्यंत येत होती.

त्या वसंतात तिच्या भावाच्या शेजारणीचे फोन येऊ लागले. तो चुलीवर भांडं ठेवून विसरतो. बर्फात चपला घालून दुकानात गेला. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतो. तिने ते फोनवर आधीच ओळखलं होतं, पण डॉक्टर असली तरी घरच्या माणसाचं निदान आपण होऊन कोण करतं? एक दिवस केसेस संपल्यावर चहा घेताना ती म्हणाली, "जूनमध्ये रजेवर जाते आहे. त्याला घेऊन सगळे किल्ले फिरायचे म्हणते. लहानपणी गेलो तसे. कदाचित तिथे त्याला आठवेल." मग म्हणाली, "तू येशील का? मला एकटीला धीर होत नाही."

नवऱ्याला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "लात्व्हिया? तिथे काय आहे?"

"पडके किल्ले."

"ते इथे कमी आहेत का?"

मग त्याचाच आवाज उतरला. "जाऊन ये. मला काही या वर्षी रजा मिळत नाही. तू तिथे एकटी बसण्यापेक्षा बरं."

रिगाच्या विमानतळावरून भाड्याची गाडी घेऊन आम्ही तिच्या गावाकडे निघालो. एवढा हिरवा रंग मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, पण त्यानेही मन उल्हसित वगैरे झालं नाही. आभाळ खाली आलेलं, पाऊस धड पडतही नव्हता आणि थांबतही नव्हता. रस्त्याकडेला कितीतरी घरं फळ्या ठोकून बंद केलेली. "सगळे आयर्लंडला गेले, जर्मनीला गेले," ती म्हणाली. "आणि एक हाइलला." 

भाऊ फाटकाशी उभा होता. तिच्याच उंचीचा, पांढरी दाढी, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट. शेजारणीने त्याला तयार करून ठेवलं होतं. ती गाडीतून उतरली आणि जवळजवळ पळतच गेली. त्याने हात पुढे केला, हस्तांदोलन केलं आणि त्यांच्या भाषेत अदबीने काहीतरी म्हणाला. तिचा चेहरा पाहून मी विचारलं नाही. नंतर तिनेच सांगितलं. तो म्हणाला होता, "प्रवास चांगला झाला ना? माझी बहीण घरात नाही, परदेशात असते. नाहीतर तुम्हाला भेटली असती."

दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर गेलो. गावाबाहेर नदीच्या वळणावर एक टेकाड, त्यावर उंच भिंतीचा एक तुकडा, गोट्यांचा, मधे विटांच्या कमानी. माझ्या सोलापूरचा भुईकोट यापुढे ठणठणीत म्हणायचा. घरात चमचा कुठे ठेवला हे न आठवणारा तो माणूस इथे आल्यावर पार बदलला. पुढे तोच चालायला लागला. कुठला दगड डुगडुगतो, कुठे गवताखाली खड्डा आहे, तळघराचं तोंड कुठे, सगळं पायांना पाठ. माझ्याकडे वळून हातानेच दाखवायचा, इथे पाय ठेव, इथे नको. मला त्यांची भाषा येत नव्हती आणि त्याला माझी, पण त्या तासाभरात आमचं उत्तम चाललं होतं.

ती मागे राहिली होती. भिंतीला लागून एक अर्धवट दगडी जिना होता, वर कुठेच न जाणारा. ती सवयीने त्याच्या पहिल्या पायऱ्या चढली आणि वर बघू लागली. तो एकदम थांबला. तिच्याजवळ आला आणि काकुळतीने काहीतरी बोलला. ती खाली उतरली, त्याला दोन शब्दांत उत्तर दिलं आणि नदीकडे तोंड करून उभी राहिली.

"काय म्हणाला?" मी हळूच विचारलं.

"म्हणाला, आई, तिला सांग ना, त्या जिन्यावर चढू नको म्हणून. माझं ऐकत नाही ती."

"मग तू?"

"मी म्हटलं, सांगते."

त्यानंतर आम्ही होतो तितके दिवस ती त्याची आई झाली. आधी जीवावर आल्यासारखी, नंतर सहज. तो तिला विचारून जेवायचा, विचारून झोपायचा. रोज एखादा किल्ला, एखादं चर्च बघून यायचो. तो प्रत्येक ठिकाणी भिंतीला तळहात लावायचा, आणि ती त्याच्या बाजूला उभी राहून लावायची. बहिणीला त्याने एकदाही ओळखलं नाही. पण बहिणीबद्दल तो खूप बोलायचा. ती संध्याकाळी मला भाषांतर करून सांगायची, भाजलेल्या काळ्या भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून. बहीण हट्टी आहे. बहीण हुशार आहे, डॉक्टर होणार. बहिणीने येते म्हणून सांगितलंय, पण तिचं काही खरं नाही.

शेवटच्या रविवारी गावच्या चर्चमध्ये गेलो, त्या छप्पर नसलेल्या. वेदीतले बर्च आता भिंतींहून उंच झाले होते. त्यांच्याकडे उन्हाळ्यात एक दिवस असतो, सगळं गाव, बाहेरगावी गेलेले सुद्धा, आपापल्या माणसांच्या कबरींवर जमतं. चर्चच्या मागेच कबरी होत्या. कबरीभोवती वाळू पसरलेली असते आणि तिच्यावर दाताळ्याने रेषा ओढतात, एकसारख्या, घरासमोर सडा घालून रांगोळीच्या रेघा ओढाव्यात तशा. भावाने आईवडिलांच्या कबरीभोवती रेषा ओढल्या. मग दाताळं त्याने तिच्या हाती दिलं आणि काही बोलला. तिने ते माझ्याकडे दिलं.

"पलीकडच्या त्या जुन्या कबरीचं आता कुणी उरलं नाही. तो म्हणतो, पाहुणीला करू दे."

दगडावरची अक्षरं झिजून गेली होती. कोण होतं, बाई की पुरुष, कळत नव्हतं. मी वाळूवर रेषा ओढल्या. पाऊस बारीक पडत होता, ओल्या वाळूत रेषा खोल उठत होत्या. मला बरं वाटलं असं म्हणणार नाही. पण बऱ्याच वर्षांनी हाताला काहीतरी काम मिळालं होतं, एवढं खरं.

हाइलला परतल्यावर तिने राजीनामा दिला. पण इथून असं उठून जाता येत नाही. नोटिशीचे महिने, बदली सर्जन, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना परत करणं, मग देश सोडायची फायनल एक्झिट. तोवर शेजारीण त्याच्याकडे बघणार होती. सर्जन इथून रोज संध्याकाळी त्याला फोन करायची आणि आईच्या आवाजात बोलायची. मी बाजूला बसलेली असायचे. शब्द कळायचे नाहीत, आवाज कळायचा.

पानगळ संपत आली होती तिकडे, आणि इथे नुकती पहाटेची थंडी सुरू झाली होती, तेव्हाची गोष्ट. सकाळची केस, सिझेरियन. सर्जनचा फोन नेहमी माझ्या टेबलावर असायचा. तिने पोट उघडलं आणि फोन थरथरायला लागला. शेजारणीचं नाव. बंद झाला, पुन्हा आला. पुन्हा. शेजारीण तशी कामाच्या वेळी फोन करणारी नव्हती. मी फोन पालथा ठेवला. बाळ बाहेर आलं, रडलं, मुलगी होती. वार निघाली. तिने मान वर न करता विचारलं, "कोण होतं?"

खोटं बोलता आलं नाही. "शेजारीण."

"किती वेळा?"

"बरेचदा."

तिचे हात क्षणभर थांबले. मग ती नर्सला म्हणाली, "धागा." आणि टाके घालू लागली. एकेक थर, नेहमीच्याच गतीने. मी मॉनिटरकडे बघत होते, पण मला तिचेच हात दिसत होते. शेवटचा टाका घातल्यावर तिने विचारलं, "पेशंट ठीक?" मी हो म्हटलं. तेव्हा तिने हातमोजे काढले.

तो रात्रीतून घराबाहेर पडला होता. तिकडे त्या रात्री पहिली गोठवणारी थंडी पडली. सकाळी शेजारणीने दार सताड उघडं पाहिलं, गावातली माणसं शोधायला गेली, आणि तो किल्ल्यावर सापडला. त्या अर्धवट जिन्याच्या खाली, भिंतीला पाठ टेकून बसलेला. अंगावर कोट होता, पायात मोजे नव्हते. पडला नव्हता, कुठे खरचटलेलंही नव्हतं. थंडीने गेला.

ऑफिसातल्या लोकांनी धावपळ करून त्याच दिवशी तिला तातडीच्या रजेवर पाठवायची व्यवस्था केली. मी तिला विमानतळावर सोडायला गेले. ती आत जाताना म्हणाली, "खिशात दोन सफरचंदं होती त्याच्या. शेजारणीने सांगितलं. आम्ही सायकलीवर निघालो की तो दोन घ्यायचा. एक माझं." मग म्हणाली, "म्हणजे बहिणीला घेऊन निघाला होता. आईला नाही."

ती परत आली नाही. रजा संपल्यावर तिने राजीनाम्याचे उरलेले कागद तिकडूनच पाठवले. तिचं क्वार्टर मी रिकामं केलं. फार काही नव्हतं. पुस्तकं मी लायब्ररीला दिली, भांडी सफाईवाल्या बायकांनी नेली. जीप एका फिलिपिनो नर्सने घेतली. जुन्या डायऱ्या, पत्रं असलं काही सापडलं नाही. तिची अबाया दाराच्या मागे लटकत होती, खांद्यावर अजाची लाल धूळ होती. ती मात्र मी घरी आणली आणि धुतली.

आता ती तालुक्याच्या दवाखान्यात काम करते आणि भावाच्या घरात राहते. गावातले ते चार-पाच लोक तिच्याकडे आले होते. झुडपं तोडण्याचं काम तू पुढे चालव म्हणाले. तिने नकार दिला. उलट तिनेच नगरपालिकेच्या मागे लागून किल्ल्याला कुंपण घालून घेतलं. उंच, खालून शिरता येणार नाही असं. जिना पाडून टाकला. गावातल्या काहींनी तिच्याशी बोलणं सोडलं. जिना सहाशे-सातशे वर्षं टिकला आणि याच बाईने पाडला, असं म्हणतात.

"बरोबरच म्हणतात," ती मला फोनवर म्हणाली.

"तुला वाईट वाटत नाही?"

"वाटतं. पण तो तिथे माझी वाट बघत बसला होता. मला तो जिना दिसतो तोवर मी त्याच्या खालीच बसलेली असेन."

मी विचारलं, चर्चकडे जातेस का? म्हणाली, वाऱ्यात एक बर्च उन्मळून पडला आणि पडताना उत्तरेकडची भिंत घेऊन गेला. तिने अजून पाहिलं नाही. लोकांनी सांगितलं. उन्हाळ्यात बघू.

इथे नवा सर्जन आलाय, इजिप्तचा. चांगला माणूस आहे, टाके घालताना गुणगुणतो. शुक्रवारी मी आता क्वार्टरवर थांबत नाही. गुरुवारी ड्युटी संपली की स्टेशन गाठते. नवरा रियाधला उतरवून घ्यायला येतो. एकदा त्याने आपण होऊन विचारलं, जायचं का कुठे जुनं बघायला? दिरियाच्या बाजूला मातीची घरं आहेत म्हणे, सरकारने छान दुरुस्त केलीत, दिवे लावलेत, कॉफीची दुकानं आहेत.

आम्ही गेलो. भिंती नव्या गिलाव्याच्या, गुळगुळीत. सगळीकडे छप्पर होतं. तो फोटो काढत होता. मी एका ओट्यावर बसून राहिले, तो हाक मारीपर्यंत.